कोऱ्या तबकडीचा भरवसा

बारामतीच्या पेठेत लुगडे घेताना बाई हटकून विचारते, "रंग पक्का आहे ना?" दुकानदार हो म्हणतो, तरी ती पदराचे टोक ओले करून चोळून बघते. कोरी सीडी घेताना मात्र हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. वास्तविक तो तिथे जास्त लागू होता. कारण घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या सीडीवर जे काही असते, ते सारे रंगावर असते. रंग विटला की मजकूर गेला.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील घरगुती ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती गोळा करून त्यांच्या प्रती करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. साधारण १९९८ ते २०१० या काळातले जे हाती येते, ते बहुतेक सीडीवरच असते. लग्नाच्या व्हीसीडी, सप्ताहातली कीर्तने, बेलवाडीच्या आणि इंदापूरच्या रिंगणाचे चित्रण, जात्यावरच्या ओव्या, उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी. धरण १९८० साली पुरे झाले. तेव्हा चाळिशीत असलेली माणसे आता बहुतेक नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. त्या माणसांचा आवाज मात्र कुठे तरी कपाटात एकाच तबकडीवर असतो, आणि ती वाचली जाईल की नाही, हे ती कोणत्या जातीची आहे यावर ठरते. म्हणून हा जातीचा प्रश्न जरा खोलात जाऊन पाहू.

बाजारात मिळणारी गाण्यांची छापील सीडी आणि आपण राइट करतो ती सीडी या दिसायला बहिणी असल्या तरी घडण वेगळी. छापील सीडीत प्लॅस्टिकवरच साच्याने खड्डे उठवलेले असतात. कोऱ्या सीडीत, म्हणजे सीडी-आर मध्ये, खड्डे नसतात. १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती, तिच्यावर एक सर्पिल चर, चरावर सेंद्रिय रंगाचा अतिशय पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा चकाकणारा थर आणि सर्वांत वर लाखेसारखे संरक्षक लेपण. चराच्या दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतात, आणि सगळा चर उलगडला तर पाच किलोमीटरहून लांब भरतो. राइट करताना ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर रंगाला जागोजाग तापवतो. तापलेली जागा उजेड कमी परतवते. वाचताना यंत्र एवढेच पाहते, की कुठे उजेड जास्त परत आला आणि कुठे कमी.

या घडणीतून एक गोष्ट निघते, जी आपल्याकडे जवळजवळ सगळे उलटी समजतात. लोक सीडीची चकाकती बाजू जपतात आणि नावाची बाजू खाली टेकवतात. पण चकाकत्या बाजूला एक मिलिमीटरहून जास्त प्लॅस्टिक आहे. तिथला बारीक ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो. नावाच्या बाजूला रंग आणि धातू यांच्यावर नुसते लेपण आहे. तिथे बॉलपेनने नाव लिहिले, तरी खालच्या धातूला दुखापत होऊ शकते, आणि ती कायमची.

आता रंग. सीडी-आर ही जपानच्या ताइयो युदेन कंपनीने सोनी आणि फिलिप्स यांच्याबरोबर १९८८ साली पुढे आणली. त्यांचा रंग सायनिन. नंतर आणखी दोन रंग आले. मित्सुई कंपनीचा थॅलोसायनिन आणि मित्सुबिशी केमिकलचा, व्हर्बॅटिम या नावाखाली विकला जाणारा अॅझो. चांदीच्या थरावर सायनिन हिरवट निळा दिसतो, अॅझो गडद निळा. थॅलोसायनिन इतका फिका असतो, की सीडी जवळजवळ रुपेरीच वाटते, फार तर किंचित पिवळट हिरवी झाक. सायनिन उजेडाला सर्वांत हळवा. पुढे त्यात टिकाऊपणासाठी इतर द्रव्ये मिसळली गेली, तरी हलक्या मालात ती काळजी घेतलेली नसे. थॅलोसायनिन उजेडात चांगला तग धरतो. मात्र राइट करताना लेसरची ताकद नेमकी लागली पाहिजे, त्यात त्याला फारसे इकडेतिकडे चालत नाही.

धातूचेही तसेच. चांदीचे पैंजण काळे पडतात, सोन्याची पोत पडत नाही, हे कुणाला सांगायला नको. सीडीतली चांदीही कडेचे लेपण नीट नसेल तर हवेतल्या ओलाव्याने आणि गंधकाच्या संयुगांनी खराब होते. कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट या संस्थेने वस्तुसंग्रहालये आणि ग्रंथालयांसाठी जो अंदाज दिला आहे, त्यात थॅलोसायनिन आणि सोने असलेल्या सीडी-आरला शंभर वर्षांहून अधिक, थॅलोसायनिन आणि चांदीच्या मिश्रधातूला ५० ते १००, तर सायनिन किंवा अॅझो आणि चांदी यांना २० ते ५० वर्षे धरली आहेत. चांदीच्या थराच्या डीव्हीडी-आरला मात्र १० ते २० वर्षेच. नवी वस्तू म्हणजे अधिक टिकाऊ, हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो. महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणासाठी मी अजून डीव्हीडीपेक्षा सीडीला पसंती देतो, ती यामुळे. अर्थात हे आकडे चांगला माल आणि चांगली साठवण गृहीत धरून आहेत. आपल्याकडे या दोन्हींची वानवा.

मालाबद्दल पहिली गोष्ट ही, की वेष्टनावरचे नाव म्हणजे कारखाना नव्हे. जगात सीडी बनवणारे कारखाने मोजके होते आणि नावे शेकडो. एकच नामांकित कंपनी आज तैवानच्या सीएमसी किंवा रायटेककडून, उद्या भारतातल्या कारखान्याकडून माल घेऊन त्यावर आपला शिक्का मारत असे. म्हणून "अमुक कंपनीची सीडी चांगली" या वाक्याला अर्थ नाही. अमुक कंपनीच्या नावाने अमुक साली आलेली, अमुक कारखान्याची, असे म्हणावे लागते.

तो कारखाना ओळखायची सोय तबकडीतच आहे. कोऱ्या सीडीच्या चरात, कारखान्यातच, 'अॅटिप' नावाची वेळेची खूण कोरलेली असते. यंत्राला आपण चरावर कुठे आहोत हे त्यावरून कळते, आणि तिच्यातच बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असतो. ताइयो युदेनचा ९७ मिनिटे २४ सेकंदांनी सुरू होणारा, मित्सुबिशीचा ९७:३४, मित्सुईचा ९७:२७, सीएमसीचा ९७:२६, आपल्या मोझर बेअरचा ९७:१७, रायटेकचा ९७:१५. आयएमजीबर्न किंवा नीरोबरोबर येणारे इन्फोटूल हे दाखवते. लिनक्स वापरणाऱ्यांना त्यासाठी एकाच ओळीची आज्ञा पुरते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकदा मी जपानी नावाची पन्नासची चळत आणली. क्रमांक निघाला भलत्याच कारखान्याचा. क्रमांकही नक्कल करता येतो, तेव्हा तो पुरावा नव्हे, पण वेष्टनापेक्षा शंभर पटींनी खरा.

मोझर बेअरबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्या घरांतल्या जुन्या सीडींचा मोठा हिस्सा तिथला आहे. दीपक पुरी यांनी १९८३ साली दिल्लीत ही कंपनी काढली. स्विस कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने कामगारांची हजेरी नोंदवणारी घड्याळे बनवणे, ही तिची सुरुवात, आणि तिचे नावही त्या स्विस कंपनीचे. मग फ्लॉपी, आणि १९९९ पासून उत्तर प्रदेशातल्या कारखान्यात सीडी-आर. काही वर्षांत ती या धंद्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. युरोपीय संघाने २००३ साली भारतातून येणाऱ्या सीडी-आरवर खास शुल्क लावले, यावरून तिचा धाक किती होता ते कळते. २००७ च्या सुमारास कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या आणि एसटी स्टँडच्या टपरीपर्यंत तिचे नाव पोचले. पुढे पेन ड्राइव्ह आणि मोबाइलने बाजारच नेला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. माझ्या पाहण्यात या कंपनीच्या चांगल्या साठवलेल्या सीडी आजही बिनतक्रार वाचतात. ज्या वाचत नाहीत, त्यांत प्लॅस्टिकच्या पाकिटात सुट्या विकलेल्या, नाव नसलेल्या सीडींचा भरणा अधिक. इथल्या अभियंत्यांनी जागतिक दर्जाची वस्तू बनवली होती, हे आपण फार लवकर विसरलो.

ताइयो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला. मित्सुबिशीने व्हर्बॅटिम २०१९ मध्ये सीएमसीला विकले. म्हणजे आज कोरी सीडी घ्यायला गेलात, तर बहुधा तैवानशी गाठ. त्यात गैर काही नाही. सीएमसीने ताइयो युदेनचे तंत्र घेऊन 'सीएमसी प्रो' नावाचा वेगळा माल काढला आहे, तो मिळाला तर घ्यावा. नाही तर व्हर्बॅटिमची अॅझो घ्यावी. सोनेरी थराची मिळाली तर उत्तम, पण किंमत पाहून छाती दडपते, आणि नुसता सोनेरी रंग दिलेली नकली सीडीही असते. एम-डिस्क नावाची, सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा असेंद्रिय थर असलेली तबकडी बरीच गाजली. ती डीव्हीडी आणि ब्लू-रे या आकारांतच निघाली, सीडीत कधीच नाही, आणि ती राइट करायला तिला चालणारा रायटरच लागतो.

दुकानात घ्यायच्या वेळी सुटी सीडी घेऊ नये, चळत घ्यावी आणि तीही सीलबंद. घरी आल्यावर एक काढून दिव्यासमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर धातूच्या थराला छिद्रे आहेत. मग बाहेरची कड पाहावी. रंग कडेपर्यंत एकसारखा आहे का, लेपण कडेवरून वळून खाली आले आहे का. हलक्या मालात कडेलाच रंग पातळ झालेला आढळतो. सीडी आतून बाहेर भरत जाते, त्यामुळे दोष शेवटच्या भागात आधी दिसतात. म्हणूनच ७०० एमबीची सीडी मी ६०० च्या पुढे भरत नाही. हावरेपणाने शेवटचे शंभर एमबी भरले, की नेमका कीर्तनाचा शेवट जातो.

वेगाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. '५२ एक्स' लिहिले आहे म्हणून त्या वेगाने राइट करणारे घाईचे लोक, आणि जितके हळू तितके चांगले म्हणून दोन किंवा चार एक्सवर नेणारे सोवळे लोक. खरे मधले आहे. पूर्ण वेगात तबकडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते, थोडाही तोल गेला की खुणा वेड्यावाकड्या उमटतात. उलट, नव्या सीडीचा रंग जोरदार आणि क्षणभराच्या लेसरसाठी बेतलेला असतो, फार हळू गेल्यास उष्णता शेजारी पसरते. १६ किंवा २४ एक्स हा बहुतेक सीडींना मानवणारा वेग. झाल्यावर सीडी 'क्लोज' करावी आणि लगेच पूर्ण पडताळून घ्यावी. शक्यतो दुसऱ्या यंत्रावर, कारण आपल्याच हातचे अक्षर आपल्याला वाचता येतेच.

पडताळणीतही पायऱ्या आहेत. सीडीवर धूळ, ओरखडे येणारच हे धरून तिच्यात चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था आधीच केलेली असते. पहिल्या पातळीवर दुरुस्त होणाऱ्या चुकांना सी-१ म्हणतात. त्या नेहमीच असतात. ठरलेल्या मानकानुसार सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चालतात, चांगल्या सीडीत त्याच्या कितीतरी खाली राहतात. सी-२ च्या चुका मात्र नव्या सीडीत शून्यच हव्यात. सगळे रायटर हे आकडे देत नाहीत. लाइट-ऑन कंपनीचे जुने रायटर देतात, म्हणून भंगारात दिसला तर सोडू नये.

इथेच एक फरक सांगतो, ज्याने पुष्कळ नुकसान वाचेल. संगणकाच्या फाइली ठेवलेल्या डेटा सीडीवर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. प्रत्येक खंडातल्या २३५२ बाइटांपैकी २०४८ च आपले, बाकीचे बहुतेक या पहाऱ्याला. गाण्याची ऑडिओ सीडी आणि व्हीसीडीचा चित्राचा भाग यांत हा पहारा नाही. जागा वाचवण्यासाठी तो काढला होता, कारण गाण्यात किंवा चित्रात एखादी चूक खपून जाते. तेव्हा आईच्या ओव्या ऑडिओ सीडी म्हणून नव्हे, तर 'वेव्ह' फाइल म्हणून डेटा सीडीवर ठेवाव्यात. आणि लग्नाच्या व्हीसीडी सर्वांत आधी उतरवून घ्याव्यात, कारण कच्चा माल आणि अर्धा पहारा असे दोन्ही तोटे तिथे एकत्र आले आहेत. त्यात 'एमपेगएव्ही' नावाच्या कप्प्यात एव्हीसेक-०१ अशी 'डॅट' फाइल असते. ती संगणकावर घेतली की चित्र आले.

लग्नाच्या सीडींचा आणखी एक शत्रू म्हणजे त्यांच्यावरचा नवरा-नवरीचा गोल फोटो. त्या काळात प्रत्येक स्टुडिओवाला तो चिकटवून देई. गोंद सुकून कागद आकसतो, लेपण ओढतो, आणि कोणी हौसेने फोटो सोलून काढला तर त्याबरोबर चांदीही निघून येते. असा फोटो असेल तर त्याला हात लावू नका, आहे तशी उतरवून घ्या. नव्या सीडीला काहीच चिकटवू नये. नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर.

साठवण. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २००३ मध्ये ग्रंथपालांसाठी फ्रेड बायर्स यांची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. वातानुकूलित खोली प्रत्येकाला कुठली? पण जुन्या मातीच्या घरात धान्याची कोठी असते, ती खोली उन्हाळ्यातही थंड आणि अंधारी. उत्तरेच्या भिंतीला लागून, जमिनीपासून हातभर वर, टणक प्लॅस्टिकच्या डबीत, पुस्तकासारखी उभी अशी सीडी तिथे ठेवावी. डबीत सिलिका जेलची पुडी चालेल. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते. मऊ पीव्हीसीची पाकिटे पावसाळ्यात सीडीला चिकटून डाग पाडतात. बुरशीची भीतीही अगदीच पोकळ नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात २००१ च्या सुमारास सीडीचे प्लॅस्टिक आणि धातू दोन्ही खाणारी बुरशी सापडली होती. पण आपल्या कोरड्या भागात तिच्यापेक्षा ऊन घातक. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या-गोधड्यांबरोबर सीडींचा गठ्ठा उन्हात ठेवलेला मी पाहिला आहे. डाळिंबाच्या बागेत पाखरे हाकायला टांगलेल्या सीडींकडे एकदा नीट बघा, म्हणजे ऊन काय करते ते कळेल.

एवढ्यानेही एका सीडीवर विसंबू नये. दोन वेगळ्या कारखान्यांच्या दोन सीडी आणि तिसरी प्रत हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे म्हणा. प्रत्येक फाइलचा 'हॅश' काढून कागदावर लिहून ठेवावा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

हा ठसा आता कोर्टातही लागतो. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज किती वाजता दाखल झाला, हा मुद्दा होता आणि त्यासाठी कचेरीतल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी पुढे आल्या. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर प्रतीसोबत कलम ६५ ब खालचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ६३ झाले, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशची जागा दिली आहे. बांधाच्या भांडणाचे किंवा ग्रामसभेचे चित्रण सीडीवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सीडी शाबूत राहूनही मजकूर हरवतो, त्याचा एक खास मराठी प्रकार आहे. त्या काळचे टंकलेखन युनिकोडमध्ये नव्हते. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम, प्रत्येकाचा संकेत वेगळा. गावच्या यात्रेची स्मरणिका सीडीवरून सहीसलामत उघडते आणि पानावर निव्वळ खुणांचा कचरा दिसतो. अशा फाइलीबरोबर तिचा फाँट ठेवावा, युनिकोडमधली प्रत ठेवावी आणि एक पीडीएफही. फाइलींची नावे मात्र साध्या रोमन अक्षरांत आणि आखूड द्यावीत. मराठी तपशील कागदाच्या चिठ्ठीवर: कोण बोलते आहे, गाव, तारीख, कोणी मुद्रित केले.

राहता राहिली जुनी, अडखळणारी सीडी. ती पुन्हा पुन्हा घालून यंत्राला झुंजवू नये. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल कधीच नाही. एका रायटरने नाकारली तर दुसऱ्यात, तिसऱ्यात घालावी. प्रत्येक यंत्राची नजर वेगळी असते, आणि जुना संथ रायटर पुष्कळदा नव्याला हरवतो. मग डीडीरेस्क्यूसारखे साधन वापरावे. ते आधी सोपे भाग उचलते, अवघड जागा मागे ठेवते आणि कुठे काय राहिले याची नोंद करते. त्या नोंदीच्या आधारे दुसऱ्या यंत्रावर उरलेले तुकडेच पुन्हा वाचता येतात. तीन यंत्रांनी मिळून अखंड झालेले एक भारूड माझ्या संग्रहात आहे. त्याच्या मूळ सीडीवर फक्त "आबा, नरसिंहपूर" एवढेच लिहिले आहे. हे आबा कोण, ते मी अजून शोधतो आहे.